वहीतली साखर

९ फेब्रुवारी, सकाळी सात

ताइनानच्या साखरवाल्या बहिणींनो! ज्या शहरात माशाच्या रश्श्यातही चमचाभर साखर पडते, त्या शहरात डायबेटिस घेऊन जगणाऱ्या माझ्या बहिणींनो! आपलं दुःख एकच आहे. सगळं जग आपल्या ताटात डोकावतं. आपण केकचा तुकडा उचलला की सहा माना वळतात. आपलं रक्त म्हणजे काय सार्वजनिक नळ आहे?

(बहिणी कुठल्या? बाथरूमचं दार लावून कमोडवर बसून लिहितेय. युनियनच्या ट्रकवरून बोलून बोलून लागलेली सवय.)

बातमी: दोन रेघा. खात्रीसाठी दुसरं किट. पुन्हा दोन रेघा. वय सदतीस. लग्नाला सहा वर्षं, डायबेटिसला चार. श्येन-मिंगला दाखवलं तर तो वॉशिंग मशीनवरच बसला. नवरा एसी दुरुस्त करतो, चार-चार मजले शिडीवर चढतो, आणि आज वॉशिंग मशीनवरून उतरेना. तिथूनच तोंड उघडलं. म्हणाला, साखरेचं काय?

अभिनंदन नाही. साखरेचं काय!

मी सांगितलं की चार वर्षांत साखरेला मला हरवता आलेलं नाही. (मागचा तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा ८.४ आला होता, हवा सातच्या आत. हे सांगितलं नाही. त्यानं विचारलं नाही.)

निर्धार. आजपासून भात अर्धा. रोज चाळीस मिनिटं चालणं. साखर मोजायच्या मीटरचा डबा कपाटाबाहेर. या बेटावर आजवर झालेलं सर्वांत शिस्तबद्ध गर्भारपण.

सकाळी नऊ

नववर्षाची उरलेली चिकट गोड वडी संपवली. घरात राहिली असती तर मोह झाला असता.

१२ फेब्रुवारी

सासूबाईंना कळलं. त्या वरच्या मजल्यावर राहतात, पण त्यांचं नाक तळमजल्यावर असतं. सकाळी माशाची पेज पुढ्यात आली, मी तोंड फिरवलं, त्यांनी वाटी मागे ओढली आणि म्हणाल्या, बरं. आता तीन महिने कुणापाशी बोलायचं नाही हं पोरी. पोटातला पाहुणा लाजाळू असतो. दारात गाजावाजा ऐकला की उंबऱ्यावरूनच परत जातो.

या तीन महिन्यांच्या मौनाला मी जाहीर सभेत ‘बाईच्या पोटावरची सेन्सॉरशिप’ म्हटलेलं आहे. टाळ्या पडल्या होत्या. पण म्हाताऱ्या माणसाचं मन मोडणं यात कसली क्रांती? शब्द दिला. पाळणार.

१९ फेब्रुवारी

डायबेटिसच्या दवाखान्याची तारीख. डॉ. श्याओ म्हणाल्या, थ्येन पेइ-रोंग, तुमचं वय बघता विचारते, मुलाचा विचार असेल तर आधी सांगा. औषधं बदलावी लागतात.

मी म्हटलं, नक्की सांगेन.

पोटात सहा आठवडे, आणि मी म्हणते सांगेन.

पण शब्द म्हणजे शब्द. आईंनी (सासूबाईंना मी आईच म्हणते) ‘कुणापाशी’ म्हटलं होतं. डॉक्टर हे ‘कुणी’ नाहीत का? उद्या सोयीप्रमाणे शब्द वाकवायला लागले तर कारखान्याचा मालक आणि मी यांत फरक काय?

रक्तही दिलं नाही. उपाशी नाही म्हटलं. सिस्टर म्हणाल्या, या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही. तोवर मी जिन्यात होते.

५ मार्च

मोबाईलवर वाचलं: मुलाचं हृदय पहिल्या आठ आठवड्यांत घडतं, तेव्हा आईची साखर जास्त असली तर धोका. पान बंद केलं. मोबाईलवर काहीही लिहितात. मी मुळातले ग्रंथ वाचणारी बाई आहे. तीन देशांच्या क्रांत्या मी मुळातून वाचल्यात. म्हणून वाचनालयात जाऊन मुळातला ग्रंथ काढला. त्यात तेच होतं. ग्रंथही बंद केला.

आज आठ आठवडे पूर्ण होऊन तीन दिवस झाले. म्हणजे तसंही.

आजची साखर: मोजली नाही. सभा होती. फिशबॉलच्या, म्हणजे माशाच्या गोळ्यांच्या, कारखान्यात वर्षभरात अकरा बायकांची बोटं मशीनमध्ये गेली आणि मालकाच्या अपघात-रजिस्टरात शून्य! मी ट्रकवरून ओरडले, रजिस्टर काय दाखवता? बोटं दाखवा! गेटवरच्या दोनशे बायकांनी हात वर केले. अंगावर काटा आला. असा माणूस साखरेला घाबरेल?

२ एप्रिल

तीन महिने झाले. पहिल्या मिनिटाला डॉक्टरांकडे गेले. मौन सुटलं रे सुटलं की मी हजर. शिस्त ती हीच.

डॉ. श्याओंनी टेबलावरचं कॅलेंडर ओढलं. मागे मागे मोजत गेल्या. बोट १९ फेब्रुवारीवर थांबलं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी त्यांना लोकपरंपरेचं महत्त्व सांगितलं. वडीलधाऱ्यांचा मान, समाजाची वीण वगैरे. मी! त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, माझ्या सासूबाईंचाही तोच नियम होता. मी जगाला तीन महिन्यांनी सांगितलं आणि माझ्या डॉक्टरला दुसऱ्या दिवशी.

मग माझ्या गोळ्यांच्या यादीतल्या दोन खोडल्या. कोलेस्टेरॉलची आणि रक्तदाबाची. या गोळ्या पोटात मूल असताना घ्यायच्या नसतात. मी आज सकाळी घेतल्या होत्या.

सरासरीचा आकडा ८.६. आता इन्सुलिन, दिवसातून चार वेळा. बोट टोचून तपासणी, सात वेळा. सगळं एका वहीत लिहायचं. शिकवायला खांग सिस्टर होत्या. गोल चेहरा, गुलाबी घड्याळ. इन्सुलिनचं पेन हातात देऊन म्हणाल्या, धरा, तलवार नाही ही, सुई चार मिलिमीटरचीच आहे. मग हळूच म्हणाल्या, ट्रकवरच्या थ्येनताई तुम्हीच ना? माझी बहीण फिशबॉलमध्ये पॅकिंगला आहे. तुमचं ‘बोटं दाखवा’ तिनं मला मोबाईलवर पाठवलं. मी तीनदा बघितलं.

मी नम्रपणे मान खाली घातली.

४ एप्रिल

नवीच अडचण.

आई रोज सकाळी पंचांग उघडतात आणि गर्भदेव आज घरात कुठं बसलाय ते बघतात. जिथं तो बसला असेल तिथं सुई, कात्री, हातोडी बंद. नाहीतर पोटातल्याला इजा होते. काल तो चुलीशी होता. आज पलंगावर आहे. उद्या दारात. त्यामुळे श्येन-मिंगला भिंतीत खिळा ठोकायला सहा महिने बंदी, तो खूश.

मी मोठ्यांदा हसले. मग पलंगावर बसून पेन हातात घेतलं आणि विचारात पडले. मी मानत नाही, हे झालंच. पण घरातल्या एका श्रमजीवी वृद्धेची श्रद्धा पायदळी तुडवायचा मला काय अधिकार?

दुपारचं आणि संध्याकाळचं इंजेक्शन सोडलं. घरातल्या ऐक्यासाठी.

श्येन-मिंग म्हणाला, बाथरूममध्ये घे ना मग. मी म्हटलं, पंचांगात संडासही येतो. तो म्हणाला, बघितलं मी, तो रविवारी येतो. या माणसानं पंचांग कधीपासून वाचायला घेतलं?

११ एप्रिल

उद्या वही दाखवायची आहे. रोजचे सात रकाने. आठवड्याभरात माझे भरले होते नऊ. त्यातला एक १४६, एक १८८. पानाकडे बघूनच अपमान वाटला. शाळेत मला कधी लाल शाई लागलेली नाही.

उरलेले रकाने अंदाजानं भरले. शास्त्राची सुरुवात अंदाजानंच होते. सकाळी उपाशी ९२, ८९, ९४. जेवणानंतर ११८, ११२, १२१. सगळं फार देखणं दिसायला लागलं म्हणून मधे एक १४३ घातला. १८८ चा १३८ केला, तो आठ तसाही नीट आला नव्हता. तीन वेगवेगळी पेनं वापरली. एका पानावर चहाचा डाग पाडला.

हे मी फसवणूक म्हणून करत नाहीये. हे माझं उद्दिष्ट आहे. पुढच्या आठवड्यात मी तिथं पोचणार आहे. फक्त आधी लिहून ठेवलंय.

१२ एप्रिल

डॉ. श्याओ म्हणाल्या, छान. डोस आहे तोच ठेवू.

बाहेर बाकावर एक बॉबकटवाली मुलगी रडत होती. पंचविशीची असेल, पहिलटकरीण, तिलाही आधीपासूनचा डायबेटिस. तिच्या वहीत दोनशेच्या वरचे आकडे. खांग सिस्टरनी तिला माझी वही दाखवली. म्हणाल्या, हे बघ, अशी लिहायची, अशी ठेवायची. मुलीनं डोळे पुसले आणि मला विचारलं, ताई, तुम्ही कसं जमवता हो?

मी दहा मिनिटं सांगितलं. तिनं लिहून घेतलं.

परतताना बसमध्ये छातीत काहीतरी रुतत होतं. बहुधा पर्सचा पट्टा.

६ मे

आई मंदिरात जाऊन कौल लावून आल्या. दोन चंद्रकोरी ठोकळे जमिनीवर टाकायचे. एक उताणा, एक पालथा पडला की देवाचा होकार. त्यांनी देवाला विचारलं, सुनेला औषधाची सुई आहे, घरात कुठंही टोचली तर चालेल का? लागोपाठ तीनदा होकार. धूप लावला, संत्री ठेवली, घरी आल्या आणि पंचांग खुंटीवरून काढून कपाटात ठेवलं.

म्हणाल्या, आता पलंगावर टोच, चुलीपाशी टोच, माझ्या डोक्यावर बसून टोच. मोकळी झालीस.

देवानं परवानगी दिली. माझी पंचाईत झाली.

मी म्हटलं, आई, तीन वेळा ठोकळे पडणं हा काही पुरावा होत नाही. शास्त्रीयदृष्ट्या निदान शंभर वेळा टाकायला हवेत. त्या म्हणाल्या, माझे गुडघे तीनदाच वाकले. उरलेले सत्त्याण्णव तू टाकून ये.

आता जेवणाआधी स्टूल घेऊन समोर बसतात. सुई आत जाऊन दहा अंक मोजेपर्यंत उठत नाहीत. माझ्या स्वतःच्या घरात निरीक्षक! मी हे सहन करते कारण त्या अडाणी आहेत.

बोट टोचणं मात्र बाथरूममध्ये ठेवलंय. तेवढा खाजगीपणा मागितला. मिळाला. मीटरचा डबा तिथं छान सुरक्षित आहे. बंद.

१७ मे

आज जे झालं ते नोंदवून ठेवते, कारण लोक काहीबाही सांगतील.

दुपारच्या सुट्टीत कारखान्याच्या गेटवर सभा. आईंनी डबा दिला होता. इंजेक्शन घेतलं, डबा उघडणार, इतक्यात माईक हातात आला. दहा मिनिटं बोलायचं होतं. पन्नास बोलले. इन्सुलिन घेतलं की लगेच जेवायचं असतं हे मला माहीत नाही असं नाही. पण समोर दोनशे बायका उपाशी उभ्या असताना मी झाकण उघडून भात खाऊ?

पुढचं मला आठवत नाही. मोबाईलवरच्या व्हिडिओत दिसतं. मी घामानं निथळतेय आणि म्हणतेय, आपण सगळ्या मासळी आहोत! पाणी कुठंय? मालकानं पाणी पिऊन टाकलं! मालका, ओक! प्रचंड टाळ्या. या वर्षातल्या सर्वांत जास्त.

टाळ्या न वाजवणारी एकच होती. आ-च्याओ, कटिंग लाईनवरची, उजव्या हाताची तर्जनी अर्धी. ती ट्रकवर चढली, माईक काढून घेतला आणि कोहळ्याच्या गोड सरबताची बाटली माझ्या तोंडाला लावली. नंतर म्हणाली, माझ्या बापाची साखर उतरली की असंच व्हायचं, थ्येनताई. तो मात्र कोंबड्यांशी भांडायचा. मग माझ्या पोटाकडे बघून म्हणाली, तिथं कोण आहे त्याला तरी दोन घास द्यायचे होतेत. त्याला कुठं भाषण कळतंय.

सगळ्यांसमोर. माईक चालू होता.

निष्कर्ष: इन्सुलिन धोकादायक आहे. बाळाच्या हितासाठी डोस कमी करायला हवा. पेनावरचा आकडा आईंना चष्म्याशिवाय दिसत नाही. आठ युनिटांच्या जागी पाच.

३ जून

मुलगी आहे.

हृदयाची सोनोग्राफी होती. डॉक्टरीणबाई आधी बोलत होत्या, मग स्क्रीनजवळ वाकल्या. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला बारीकसं भोक आहे. आपोआप बुजेल, बहुतेक वेळा बुजतं. नाही बुजलं तर जन्मानंतर बघायचं.

मी विचारलं, कशामुळे? त्या म्हणाल्या, खात्रीनं कुणालाच सांगता येत नाही. कधी काहीच कारण नसतं. आधीपासूनचा डायबेटिस असला तर सुरुवातीच्या आठवड्यांतली साखर हे एक कारण असू शकतं.

श्येन-मिंग माझ्या पोटावरची जेल कागदानं पुसत राहिला. संपली तरी पुसत राहिला.

आज वाक्य सुचत नाही.

५ जून

निर्धार. या वेळी खरा. मीटर बाथरूममधून जेवणाच्या टेबलावर. तीन दिवस सात-सात वेळा मोजणार.

सकाळी उपाशी १२८. नाश्त्यानंतर १९६. दुपारी १७४.

संध्याकाळी वही घेऊन बसले आणि एक तात्त्विक पेच उभा राहिला. आधीची सगळी पानं ब्याण्णव, एकशे अठरा अशी. त्यापुढं हे आकडे लिहिले तर डॉक्टरांना वाटणार की मीटर बिघडलं. किंवा मी. आता खरं लिहिणं म्हणजे आधीचं खोटं ठरवणं. आणि विचारसरणीत सुसंगती हवी. नेते याच कारणानं बदनाम होतात.

९४. ११६. ११९.

मीटर पुन्हा बाथरूममध्ये.

२४ जून

युजिंगच्या डोंगरातून मामेसासऱ्यांनी आंब्यांची पेटी पाठवली. आईंनी एका आंब्याच्या आठ फोडी केल्या, एक माझ्या ताटलीत ठेवली आणि बाकीच्या उचलून म्हणाल्या, एवढीच. डॉक्टर बाईंना मी फोन करून विचारलंय.

या फोन करतात? डॉक्टरांना?

दुपारी त्या बाजारात गेल्यावर सिंकवर उभी राहून तीन आंबे खाल्ले. उभ्यानं खाल्लं की कमी लागतं असं कुठंतरी वाचलंय. रस कोपरापर्यंत ओघळला. मुलीनं आतून दणकन लाथ मारली. मला वाटलं, आवडला तिला. दोघी हसलो, म्हणजे मी हसले.

मग कोयी वर्तमानपत्रात गुंडाळून शेजारणीच्या कचऱ्यात टाकल्या. सदतीस वर्षांची बाई. युनियनची सचिव. जिन्यात कोयी लपवत होते.

वहीत: ११४.

२१ जुलै, सोमवार, दुपारी

सोनोग्राफीत मुलीचं पोट तीन आठवडे पुढं गेलंय. भोवतीचं पाणीही वाढलंय. भोक आहे तसंच आहे.

डॉ. श्याओंनी एका हातात रिपोर्ट धरला, दुसऱ्या हातात माझी वही, आणि दोन्हींकडे आळीपाळीनं बघितलं. म्हणाल्या, हे दोन्ही एकाच बाईचे आहेत असं वाटत नाही. मीटर आणलंय?

आणलं होतं. श्येन-मिंगनं पिशवीत टाकलं होतं. मी म्हटलं, या मीटरचा काही भरवसा नाही, स्वस्तातलं आहे, मक्तेदारी कंपन्या... खांग सिस्टरनी मीटरला वायर लावली आणि कॉम्प्युटरला जोडलं.

त्यात सगळं साठवलेलं असतं. तारीख, वेळ, आकडा. मला माहीत नव्हतं. श्येन-मिंगला माहीत होतं. तो म्हणाला, हल्लीच्या एसीतही असतं.

वहीत सातशे सत्तर आकडे. मीटरमध्ये त्र्याण्णव. आणि त्या त्र्याण्णवांत वहीतला जवळपास एकही नाही.

मी उभी राहिले. मला वाटतं मी भाषण करणार होते. आरोग्यव्यवस्था बाईला आकड्यांत मोजते, असं काहीतरी सुरू केलंही. खांग सिस्टरनी माझा हात हातात घेतला. उलटा केला. एकेक बोटाचं टोक अंगठ्यानं चाचपलं. दहाही. रोज सात वेळा टोचलेल्या बोटांना ठिपके पडतात, कातडी खरखरीत होते. माझी बोटं गुळगुळीत होती. ज्यांची बहीण फिशबॉलमध्ये आहे, त्या बाई माझी बोटं बघत होत्या.

मी खाली बसले.

मग रडले. मोठ्यांदा, नाक गळेपर्यंत. मला वाटलं, इतकं मोठं पाप या खोलीनं पाहिलं नसेल. सिस्टरनी कागदी रुमालाचा डबा सरकवला. म्हणाल्या, या आठवड्यातल्या तुम्ही दुसऱ्या. आणि आज सोमवारच आहे.

क्षणभर बरं वाटलं. मग त्या म्हणाल्या, सकाळी ती बॉबकटवाली मुलगी येऊन गेली. तिची वहीही तशीच देखणी झाली होती. अगदी तुमच्यासारखी. बत्तिसावा आठवडा, आज तिला भरती केलंय. मग त्यांनी आपलं गुलाबी घड्याळ उगाच फिरवलं आणि म्हणाल्या, चूक माझी. तुमची वही मी तिला दाखवली.

मी म्हणायला हवं होतं की चूक तुमची नाही. शब्द आलाच नाही. मला!

डॉ. श्याओ ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त कागद पुढं ओढला. म्हणाल्या, मी साडेतीन महिने एका दुसऱ्याच बाईला औषध देत होते. आता तुम्हाला देते. डोस जवळपास दुप्पट. हृदयाचं जे घडलंय ते आपल्याला मागे नेता येणार नाही, ते कशानं घडलं हेही मला ठाऊक नाही. पण तिचं वजन, पाणी, जन्मल्यावर तिची साखर कोसळणार का, तिला श्वास नीट घेता येणार का, हे अजून बरंचसं तुमच्या हातात आहे. आठ-नऊ आठवडे आहेत. मला चांगले आकडे नकोत, खरे द्या. वाईट आले तर त्यांचं काय करायचं ते माझं काम.

जेवणानंतरचा आकडा एका दिवसात दोनदा १४० च्या वर गेला तर त्याच दिवशी फोन करायचा. खांग सिस्टर रात्री नऊपर्यंत असतात.

परतताना स्कूटरवर श्येन-मिंगनं सिग्नलला हात मागे घेऊन माझ्या गुडघ्यावर ठेवला. हिरवा झाला तरी काढला नाही. मागच्यांनी हॉर्न मारले.

२२ जुलै

आईंना सांगायचं ठरवलं. रात्रभर मजकूर मनात जुळवला होता. सुरुवात, मध्य, शेवट. त्या लसूण सोलत होत्या. मी सुरुवातच केली, तर म्हणाल्या, ठाऊक आहे.

कधीपासून?

एप्रिलपासून. वापरलेल्या सुया टाकायला मी तुला सोयासॉसची रिकामी बाटली दिली होती. घरातला कचरा कोण नेतं गाडीवर? मी. महिना झाला तरी बाटलीचा तळ झाकला नव्हता. रक्त तपासायच्या पट्ट्या तर बोटावर मोजण्याएवढ्याच. म्हटलं, ही पोरगी देवाच्या आड लपतेय. म्हणून देवालाच जाऊन विचारलं, बाबा, तू जरा बाजूला होतोस का?

मी म्हटलं, मग मला का नाही बोललात?

त्या म्हणाल्या, तुझ्याशी बोलायला गेलं की तू भाषण करतेस. मला शेवटी काय म्हणायचं होतं तेच विसरायला होतं.

आणि त्या मौनाबद्दल, मी म्हटलं, पहिल्या तीन महिन्यांच्या. त्यांचा हात थांबला. म्हणाल्या, शेजारणींना सांगू नको म्हटलं होतं गं. डॉक्टरला कशाला? मला वाटलं, एवढी शिकलेली, एवढं कळत असेल.

त्या रडल्या नाहीत. पण लसणाच्या सोललेल्या पाकळ्या सालांच्या ढिगात टाकत राहिल्या आणि सालं वाटीत. मी बघत राहिले. मी या बाईला अडाणी लिहिलंय. याच डायरीत, मे महिन्यात. खोडायला गेले. मग राहू दिलं. खोडायचं म्हटलं तर फार पानं आहेत.

२३ जुलै

सात वेळा मोजलं. सात वेळा लिहिलं. १३१, १८७, १५२, १९०, १४४, २०३, १६०. बोटं दुखतात.

डोस दुप्पट असूनही एवढे. सिस्टरना सकाळी आणि संध्याकाळी फोन केला. शेजारी आई बसल्या होत्या, म्हणून केला. सिस्टरनी आणखी दोन युनिटं वाढवली. एवढंच. ना कुणी ओरडलं, ना आभाळ कोसळलं. फोन दीड मिनिटाचा.

युनियनच्या बैठकीत सगळं जाहीर करायचं ठरवतेय. उभं राहून, नावानिशी. मुद्दे काढले. पहिला मसुदा अकरा पानी झाला. छान झालाय. सातव्या पानावर मलाच गहिवरून आलं. आ-च्याओला फोनवर थोडा वाचून दाखवला. ती म्हणाली, ताई, चांगलंय. पण आज टोचलंत का?

२४ जुलै, संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटं

दुपारी जेवणानंतर १६६. लिहिला. म्हटलं, एकदाच गेलाय.

आईंनी भात वजनकाट्यावर मोजून वाढला. पालेभाजी, वाफवलेला मासा. रश्श्यात साखर टाकली नाही. ताइनानमध्ये जन्मलेल्या बाईनं. स्वतः एक घास खाल्ला आणि चेहरा वाकडा न करता गिळला. माझ्यासाठी. इंजेक्शन पूर्ण घेतलं, आकडा त्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. तासाभरानं बोट टोचलं, टेबलावरच.

१७१.

म्हणजे आज दोनदा झालं. म्हणजे फोन.

पेन उचललं, रकान्यात लिहिलं, वही मिटली. मग का कोण जाणे, पुन्हा उघडली.

१२१ लिहिलंय.

मी ठरवलं नव्हतं. कसलाही डावपेच नव्हता, तत्त्व नव्हतं, कुणाच्या भावना नव्हत्या. हातानं आपोआप लिहिलं, जसं सही करतात तसं. आई समोर मटार सोलताहेत. त्यांनी वर बघितलेलं नाही. श्येन-मिंग आंघोळीला गेलाय. आकडा मला आणि मीटरलाच ठाऊक. आणि आत जी आहे तिला, कारण ती साखर तिच्याच अंगात चाललीय. ती आत्ता हलतेय.

वाटलं होतं, सोमवारी रडले तेव्हा संपलं. अकरा पानं लिहिली तेव्हा तर नक्कीच संपलं. काही संपलेलं नाही. मी तीच बाई आहे, फक्त आता मला दिसतंय.

यावर आणखी लिहिता येईल. पुष्कळ लिहिता येईल, आणि लिहीत बसले तर नऊ वाजतील आणि सिस्टर घरी जातील. ते मला ठाऊक आहे, म्हणूनच लिहितेय.

थ्येन पेइ-रोंग, पेन खाली ठेव. फोन उचल. खांग सिस्टरना एकच आकडा सांग: एकशे एकाहत्तर.